मिगच्या पाठीवरची कवळी

मी दात बनवते. दातांची डॉक्टर नाही हं मी. डॉक्टर तोंडात बघतात, मी तोंडाबाहेर बसून कवळ्या करते. जळगावात एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर माझी दोन खोल्यांची लॅब आहे. मेण, प्लास्टर आणि हिरड्यांची गुलाबी पावडर यात पंचवीस वर्षं गेली. माझं माहेर जामनेरकडचं, केळी-कापूसवाल्यांचं. तिकडे अजूनही सगळे मला डॉक्टरीणबाई म्हणतात आणि मीही आजवर कुणाला दुरुस्त केलेलं नाही. एवढा मान फुकटात मिळतोय तर आपण का नाही म्हणावं.

विमानाशी माझा संबंध म्हणजे आवाज आला की मान वर करायची, इतकाच. पण माझे सासरे, नाना, हवाई दलात फिटर होते. मिग-२१ हे त्यांचं विमान. ते चालवायला दुसरेच लोक होते, पण नाना मात्र 'मनं इमान', माझं विमान, असंच म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी धुळ्यात, पांझरा नदीपलीकडे देवपुरात घर बांधलं. तिथे ते आणि सासूबाई राहतात. सासूबाईंना घरात, गल्लीत, भाजीवाल्यापर्यंत सगळे अक्काच म्हणतात.

नानांच्या पंचाहत्तरीला माझ्या नवऱ्यानं मिगच्या मॉडेलचा खोका मागवला. खऱ्या विमानाच्या बत्तिसाव्या भागाचं, म्हणजे जोडल्यावर दीड फूट लांब. खोक्यात प्लास्टिकच्या फांद्यांना लटकलेले शेकडो भाग, शेंगदाण्याएवढी चाकं, नखाएवढी बटणांची पाटी. नाना खोका उघडून बराच वेळ नुसते बघत बसले. आयुष्यभर खरं विमान खोललं-जोडलं, आता एक स्वतःच्या घरात जोडायचं म्हणून माणूस हरखून गेला होता.

आणि त्यांचे हात कापत होते.

हे मी आत्ता असं सरळ लिहिते आहे, पण तेव्हा आमच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारत नव्हतं. दोन वर्षं झाली होती. डॉक्टरांनी नवऱ्याला आजाराचं नाव सांगितलं होतं, गोळ्याही चालू होत्या, पण नानांसमोर कुणी विषय काढायचा नाही असं न ठरवताच ठरलेलं. चहा बशीत सांडला की अक्का म्हणायच्या, 'थंडी शे ना.' एप्रिल महिना, देवपुरात बेचाळीस डिग्री, आणि म्हणे थंडी. नवरा म्हणायचा, 'आज हात बरे दिसतात, नाना.' मीही म्हणायची. नाना फक्त बशी पुसायचे.

पहिल्याच रविवारी नानांनी चिमट्यानं खुर्चीचा एक भाग उचलला आणि तो उडून शोकेसमागे गेला. दुसरा उचलला, तोही गेला. मग त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, 'तू दात बसाडस ना? मंग हाई बी बसाड.'

अशी मी विमानाच्या धंद्यात पडले.

नानांची एक अट होती. कामाला वही ठेवायची. त्यांनी स्वतः पट्टीनं चार रकाने आखायला घेतले, रेघा वाकड्या गेल्या, मग मी आखले. काम काय, कोणी केलं, कारण, कोणी तपासलं. मी म्हटलं, 'नाना, खेळण्याला वही कशाला?' त्यावर त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात असं, की विमानाला हात लावला की लिहायचं. स्क्रू सैल केला तरी लिहायचं. 'जो काम करस, तो तपासस नही.' ज्यानं केलं त्याला स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून दुसऱ्यानं बघायचं आणि सही करायची. काम चुकलं तर माफ आहे, पुन्हा करता येतं. केलं आणि लिहिलं नाही, ते माफ नाही, कारण मग पुढच्या माणसाला कळतच नाही आत काय आहे, आणि त्या विमानात एक पोरगा बसून वर जातो.

म्हणजे काम मी करायचं आणि तपासनीस नाना. मला हे फार सोयीचं वाटलं. हात माझे, डोळे त्यांचे.

दर रविवारी सकाळी जळगावहून बस पकडायची, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला यायचं, आणि संध्याकाळी विमानाचा जो भाग लॅबमध्ये न्यायचा असेल तो खापराच्या पुरणपोळ्यांच्या परातीएवढ्या डब्यात कापसावर ठेवून परत. कधी नवरा बरोबर, कधी मी एकटी. एकदा कंडक्टरनं विचारलं, 'ताई, डब्यात काय? इतकं जपताय.' मी म्हटलं, 'विमान.' त्यानं तिकीट फाडलं आणि पुढे गेला. खरं बोलण्याचा हा एक फायदा, कुणी पुढे विचारत नाही.

आणि माझ्या लॅबमध्ये काय नाही हो? वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टे खोक्यात प्लास्टिकचे होते, जाड आणि पापडासारखे कडक. दातांच्या एक्स-रेच्या जुन्या फिल्मच्या पाकिटात शिशाचा पातळ कागद असतो, त्याचे पट्टे कापले, अगदी माणूस बसून उठल्यासारखे लोळवले. दात सरळ करायच्या तारेची बक्कलं केली. नाकाची लांब दांडी म्हणून इंजेक्शनची सुई. पंख धडाला नीट टेकतात का बघायला चावा तपासायचा निळा कागद मध्ये धरला, जिथे निळं उमटलं तिथे घासलं. नाना भिंगातून बघायचे, 'हां' म्हणायचे, आणि वहीत सही करायचे. सही रकान्याबाहेर जायची. मी पुढचा रकाना थोडा रुंद आखायची, बोलायची नाही.

खरी भानगड पाठीची. खोक्यातलं विमान मिग-२१च्याच आधीच्या जातीचं निघालं. नानांचं मिग नंतरचं, त्याच्या पाठीत इंधनाची मोठी टाकी, म्हणून पाठ उंच आणि फुगीर. नाना म्हणाले, 'हाई मनं इमान नही.' नवरा म्हणाला, 'नाना, कोणाला कळणार आहे?' झालं. त्या दिवशी नाना जेवतानाही आमच्याशी बोलले नाहीत.

मी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचार केला, अगं, ही तर कवळी आहे. जबडा आहे, त्याच्यावर बसेल अशी वस्तू करायची आहे. पुढच्या रविवारी मी डॉक्टर लोक रुग्णाच्या तोंडाचं माप घेतात तो मसाला घेऊन गेले आणि धडाच्या वरच्या बाजूचं माप घेतलं. जळगावला त्यात प्लास्टर ओतलं. त्या प्लास्टरच्या धडावर मेणाची पाठ चढवली, फोटो मोबाईलवर नानांना, नानांचा फोन मला, 'आजून वर. शेपटीकडे आजून.' तीन वेळा मेण वाढवलं. मग साचा, मेण वितळवून बाहेर, आत गुलाबी पावडर आणि द्रव, आणि दुसऱ्या दिवशी साचा फोडला तर मिगची पाठ तयार. खटकन बसली. पंचवीस वर्षांत कुठल्या म्हाताऱ्याच्या तोंडात इतकी चांगली बसली नसेल.

फक्त रंग हिरड्यांचा. नानांनी डबा उघडला, बघितलं, आणि म्हणाले, 'इमानले हिरड्या उन्यात का व?' आणि इतके हसले की अक्का स्वयंपाकघरातून धावत आल्या. नानांना तसं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं. मला वाटलं, जिंकलं आपण.

एकदा चिमटा हरवला त्याची गंमत सांगायला हवी. नानांनी जाहीर केलं, हत्यार सापडेपर्यंत घरातून कुणी उठायचं नाही. खऱ्या विमानात पाना राहिला तर विमान उडत नाही म्हणे. ताटं वाढलेली, शेवभाजी गार होतेय, कळण्याच्या भाकरी कडक होतायत, आणि आम्ही तिघं जमिनीवर रांगतोय. अखेर अक्कांनी मुकाट्यानं पदराआडून काढून दिला. हनुवटीवरचा केस उपटायला नेला होता. नानांनी वहीत लिहायला लावलं. काम: केस काढणे. कोणी केलं: अक्का. अक्का दोन दिवस फुगून होत्या.

तर पाठ बसली, आणि नाना म्हणाले, 'रिव्हेट मी मारसू.'

विमानाचा पत्रा रिव्हेटनं ठोकलेला असतो, त्या रिव्हेटच्या बारीक टिकल्यांची रांग मॉडेलवर सुईच्या टोकानं टोचून उठवावी लागते. पाठीच्या उजव्या बाजूला एक लांब रांग होती. नाना म्हणाले, हीच रांग त्यांनी एका खऱ्या विमानावर स्वतः ठोकली होती, पत्रा बदलला तेव्हा. बाकी सगळं तू कर, ही रांग माझी. मी पेन्सिलीच्या दांड्यात सुई बसवून दिली, जाड गुंडाळी केली म्हणजे पकडायला बरी. कागदी पट्टी चिकटवून दिली, तिच्या कडेनं टोचायचं. नाना तीन रविवार त्या एका रांगेवर बसले. डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरायचे, श्वास रोखायचे, एक टिंब. मग पंखा बंद करायला लावायचे, घाम पुसायचे, पुन्हा एक टिंब. अक्का दारात उभ्या राहून बघायच्या आणि आत निघून जायच्या. मला तर बघवतच नव्हतं, मी उगाच चाकं रंगवत बसायची.

झाली रांग. नानांनी सुई खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी वहीत तपासलं म्हणून सही केली. खरं म्हणजे मी नीट बघितलंच नव्हतं.

मग मी धड घेऊन जळगावला आले, कारण पाठीची मागची कड अजून घासायची राहिली होती. सोमवारी दुपारी लॅबमध्ये दिव्याखाली धरलं. रांग सापासारखी गेलेली. दोन ठिकाणी सुई घसरून चरे पडलेले, एका जागी तीन टिंबं एकात एक. आणि आता मी जे सांगणार आहे ते दात करणाऱ्या माणसालाच कळेल. आमच्या हाताला एक खोड असते. खडबडीत काही लागलं की ते गुळगुळीत करायचं. कवळीला केसाएवढा कंगोरा राहिला तर माणसाच्या हिरडीला बोचतो, जखम होते, म्हणून पहिल्या दिवसापासून बोटांना हेच शिकवलेलं. बोट फिरवा, बोचलं की घासा. मी कड घासत होते, बोट वर सरकलं, बोचलं. आणि माझ्या हातांनी चऱ्यांत पावडर भरली, घासली, पॉलिश केली, आणि बारीक गोल बरनं, म्हणजे ड्रिलच्या टोकानं, सरळ रेषेत टिंबांची नवी रांग मारली. पंधरा मिनिटं लागली. नानांना तीन रविवार लागले होते.

झाल्यावर मी लांब धरून बघितलं, सुंदर दिसत होती. मग बर खाली ठेवला. अगं भवाने, हे तू काय केलंस?

खोटं कशाला सांगू, तरीही मला वाटलं की खपून जाईल. उलट बरंच होईल, नानांना वाटेल आपण किती सरळ मारली. दोन वर्षं घरात आम्ही हेच करत आलो होतो, त्यात आणखी एक.

रविवारी नवराही बरोबर होता. नानांनी धड हातात घेतलं. भिंग मागितलं नाही. अंगठ्याचं नख त्या रांगेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं.

'हाई रांग मनी नही.'

मी म्हटलं, 'तुमचीच आहे नाना. मी फक्त मागची कड घासली.'

नवऱ्याला काही माहीत नव्हतं, पण सवय कुठे जाते. 'नाना, किती सरळ मारलीय बघा, हात अजून तयार आहेत तुमचे.' आणि स्वयंपाकघराच्या दारातून अक्का, धडाकडे न बघताच, 'तुमनीच शे ती.'

नानांनी तिघांकडे एकेकदा बघितलं. रागावले असते तर परवडलं असतं. त्यांनी धड कापसावर ठेवलं, डब्याचं झाकण लावलं, डबा मोठ्या खोक्यात आणि खोका कपाटावर ठेवायला नवऱ्याला सांगितलं. 'काम बंद,' म्हणाले, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

पुढचे तीन रविवार खोका कपाटावरच. आम्ही गेलो की नाना 'या' म्हणायचे, पेपर वाचायचे. अक्का सांगायच्या की आठवडाभर पण असंच, कुणाशी दोन शब्द जास्त नाहीत, गोळ्या सुद्धा स्वतः हातानं मोजून घेतात, मला देऊ देत नाहीत. नवरा म्हणाला, 'वय झालं, हट्टीपणा वाढतो.' मी त्याच्यावर इतकी भडकले की बसमध्ये शेजारची बाई जागा बदलून बसली. हट्टीपणा कसला? ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याच्या जिवासाठी खरं लिहिलं, त्याला आम्ही घरात बसवून रोज खोटं ऐकवत होतो, आणि वर मी त्याच्याच विमानाला खोटं चिकटवलं. नुसतं विमान अडलं नव्हतं. त्यांनी आमचं म्हणणं खरं धरणं सोडलं होतं, आणि ते पुन्हा धरतील का, हे मला माहीत नव्हतं.

चौथ्या रविवारी मी एकटी गेले. चप्पल काढली, पाणीही घेतलं नाही, सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसले.

'नाना, रांग मी काढली. तुमची बुजवली आणि नवी मारली. आणि तुम्हाला खोटं सांगितलं.'

मला वाटलं आता काहीतरी जोरात ऐकायला मिळणार. मी तयारीनंच आले होते. नानांनी पेपर घडी करून ठेवला.

'लिखं का वहीमां?'

'नाही.'

'मंग लिख.'

मी कपाटावरून खोका काढला, वही काढली. हात धुऊन अक्काही दारात येऊन उभ्या राहिल्या. मी लिहिलं. काम: पाठीच्या उजव्या बाजूची रिव्हेटची रांग बुजवून नवी मारली. कोणी केलं: सून. मग कारणाचा रकाना आला. मी लिहिलं, रांग वाकडी होती. वही त्यांच्याकडे फिरवली.

नानांनी चष्मा लावून वाचलं. 'हाई काय व्हयनं ते शे. हाई कारण नही. रांग वाकडी काबर गयी?'

मी अक्कांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, नको अशी. अक्कांचा तो चेहरा मला अजून दिसतो. नाही नाही ते सगळं मनात आलं, सुई जाड होती, पट्टी सरकली, उजेड कमी होता. यातलं काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं, नानांनी सहीही केली असती. आणि मग खोका कायमचा कपाटावर गेला असता.

'खरं लिख,' नाना म्हणाले. आवाज अगदी मऊ होता.

मी लिहिलं, नानांचे हात कापतात.

तीन शब्द, पण लिहिताना माझंच अक्षर बिघडलं, आणि मग मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. नानांनी वही ओढून घेतली. तो रकाना त्यांनी दोनदा वाचला. मग पेन मागितलं, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि तपासलं तिथे सही केली. सही रकाना ओलांडून पानाच्या कडेपर्यंत गेली. त्यांनी ती गेली तशी जाऊ दिली.

'दोन वरीस व्हयनात,' नाना म्हणाले. 'बठ्ठा म्हनेत थंडी शे, थंडी शे. माले वाटे, मालेच एकलाले दिसी राहिनं.'

अक्का दारातून आत आल्या. नानांच्या शेजारी खाली बसल्या, पदरानं डोळे पुसले, वही स्वतःकडे घेतली आणि माझा तो रकाना बोट ठेवून अक्षर अक्षर वाचला. मग म्हणाल्या, 'माले बी सही कराले दे.'

नानांनी पेन त्यांच्या हातात दिलं आणि कुठे करायची ते बोटानं दाखवलं.